गठ्ठ्याच्या मधोमध

“मावशी, शोधताना अवतरणचिन्हं विसरलात,” ओतिलियानं काउंटरवरूनच सांगितलं. “म्हणून चाळीस हजार लेख आलेत. तेवढे वाचायचे तर तुमच्या साविनला शिक्षा वाढवून घ्यावी लागेल.”

पारास्किवा हसली. वाचनालयातल्या या मुलीची चेष्टा तिला आवडायची. गावात साविनबद्दल इतकं मोकळं कुणी बोलत नसे. तिनं ‘सशर्त सुटका’ या शब्दांना दोन्हीकडून चिन्हं लावली, वर्षांची मर्यादा घातली, आणि चाळीस हजारांचे एकशे बारा झाले. बटणांच्या कारखान्यात हयात घालवलेल्या बाईला अडुसष्टाव्या वर्षी हे जमतं, याचा तिला मनातून अभिमान होता.

दारूच्या भांडणात तिच्या मुलाच्या, साविनच्या हातून माणूस मेला, त्याला नऊ वर्षं झाली. शिक्षेची अजून सहा उरली होती. कैद्यानं अभ्यासाचं पुस्तक लिहिलं, तर एका पुस्तकामागे तीस दिवस सूट मिळे. बडी धेंडं आत गेली की वर्षभरात कपाटभर लिहून मोकळी होत, आणि सारं क्रायोवा शहर त्यावर हसे. साविन मात्र खरंच लिहीत होता, गेली तीन वर्षं. त्याला लागणारे लेख फक्त वाचनालयातल्या संगणकांवर उघडत. म्हणून दर मंगळवारी दोन बस बदलून ती यायची, त्याच्या चिठ्ठीतले शब्द शोधायची, आणि बुधवारी भेटीला जाताना गठ्ठा तुरुंगाच्या फाटकावर द्यायची.

आज तिला स्वतःसाठीही काही शोधायचं होतं. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठातली एक बाई कैद्यांच्या मुलाखती घेऊन गेली होती. साविनचं बोलणं छापून आलं असेल का? ओतिलियानं बाईंचं आडनाव कुठल्या चौकटीत टाकायचं ते दाखवलं आणि ती एका विद्यार्थ्याकडे वळली. यादीतला तिसराच लेख तो निघाला.

नावं नव्हती. ‘स., वय ४१’ एवढंच होतं. पण पुढे बटणांचा कारखाना होता, दोन बस होत्या.

‘आई दर आठवड्याला लेख आणते. गठ्ठे खाटेखाली आहेत. सुरुवातीला चार पानं लिहिली, मग सुचेना. आता मी ते उघडतही नाही. तिला सांगितलं तर मंगळवारी ती करेल काय?’

पारास्किवानं ते दोनदा वाचलं. आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग पोराची माया दाटून आली. उद्या काचेपलीकडून तो नेहमीसारखा म्हणणार, आई, तिसरं प्रकरण चाललंय. तिलाही नेहमीसारखं मान डोलवावं लागणार. तिला ठाऊक आहे हे त्याला कळलं, तर तो बोलणार तरी कशावर? तो आत होता, ती बाहेर होती, आणि सुटका दोघांनाही नव्हती.

“सापडला का हो साविन?” ओतिलियानं विचारलं.

“नाही गं. नावं छापत नाहीत म्हणे.”

मग तिनं चिठ्ठीतले उरलेले शब्द शोधले, एकही न गाळता. तो लेखही छापला. ओतिलियानं सवयीनं प्रत्येकाला पीन मारून दिली. फाटकावर पिना चालत नाहीत, म्हणून पारास्किवानं त्या नेहमीसारख्या नखानं एकेक काढल्या आणि काउंटरवरच्या बशीत टाकल्या.

तो लेख तिनं गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. साविननं उघडलाच नाही, तर खाटेखाली पडून राहील. कधी उघडला, तर त्याला कळेल.

तिनं गठ्ठ्याला सुतळी बांधली, नेहमीपेक्षा जरा सैल.

“पुढच्या मंगळवारी उघडं आहे ना, पोरी?” तिनं विचारलं.