खोडलेलंसुद्धा

"कुठलं बी दार उघडा, येतंय ते ह्येच्याच घराच्या सोप्यात," शेजारच्या खुर्चीवरचे पिराजी माउस आपटत पुटपुटले. जुने गोलकीपर. त्यांना परदेशातल्या फुटबॉल सामन्याचा निकाल बघायचा होता, आणि पडद्यावर कॅफेवाल्या प्रभुलिंगच्या भावाच्या फरसाणाची जाहिरात ठाण मांडून बसली होती.

गिरिजानं मान डोलावली. २००५ साली मंगळवार पेठेत नेट कॅफे काही कमी नव्हते, पण बाईमाणसानं निर्धास्त बसावं असा हा एकच, असं तिच्या सासूचं मत. प्रभुलिंग घरच्यासारखा. त्यानं स्वतः प्रोग्राम केला होता. कॉम्प्युटर लावला की निळ्या चौकटीत 'प्रभू नेट' उघडायचं आणि सगळी दुनिया त्या चौकटीतनंच बघायची. सगळ्यांचे पासवर्ड चौकटीला पाठ. "तुमी इसरला तरी मी हाय की, वैनी." आणि गिरिजानं उंबरा ओलांडायच्या आधीच, "म्हांतेशचं मेल आलंय. चांगलं लांबलचक हाय."

पोस्टमन निदान पाकीट तरी फोडत नव्हता. पण प्रभुलिंगला हे म्हणायचं कुणी? चहा पाजायचा, लाईट गेली की कोपऱ्यापर्यंत बॅटरी धरायचा. असल्या माणसाशी भांडायचं म्हणजे आपलंच तोंड वाईट.

महांतेश, तिचा नवरा, मस्कतला नोकरीला. गेल्या आठवड्यात तिनं त्याला इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, 'मला तिकडे न्या. इथे जीव रमत नाही.' वाचलं, लाज वाटली, अक्षर न् अक्षर खोडलं. पाठवलं ते एवढंच, की इकडे सगळे ठीक, गॅस आला.

दोन दिवसांनी सासूबाई, शांतव्वा, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मस्कतात ऊन लई असतंय म्हणं. तिथं तरी कुनाचा जीव रमतोय?"

गिरिजाच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. पाठवलेलं वाचतात, हे तिनं केव्हाच गिळलं होतं. पण खोडलेलं?

आज ती भांडायच्या तयारीनं निघाली, तर शांतव्वा "मी बी येतो" म्हणत चपला घालून तिच्या पुढं.

"भाऊजी, ही तुमची चौकट काढा," आता पिराजींच्या शेजारी बसलेली गिरिजा प्रभुलिंगला म्हणाली. "मला साधं इंटरनेट हवंय."

"ते उघडं पडतंय, वैनी. व्हायरस शिरतोय. हितनं काय गावत न्हाय, सांगा की."

"बाहेर जायला मिळत नाही."

"भायेर काय हाय?"

"माझा निकाल हाय," पिराजी म्हणाले.

प्रभुलिंग हसला. "काकू, च्या सांगू?"

शांतव्वांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं, तरी नजर पडद्यावरच. गिरिजानं टाइप केलं, 'इकडे सगळे ठीक'. पुढं बोटं हलेनात.

"च्या ऱ्हाऊ दे, प्रभ्या," शांतव्वा म्हणाल्या. "तू हिचं वाचतोस. खोडल्यालं सुदीक. आन सांजच्याला पायरीवर बसून मला सांगतोस, आन मी कान दिऊन ऐकतो."

माउस आपटायचा आवाज थांबला.

"हिला नवऱ्याकडं जायाचंय. आन मला एकटं ऱ्हायाचं भ्या वाटतंय. बास. एवढंच हाय. आता काढ ती चौकट, आन तिला लिवू दे."