अंगठ्याच्या खुणेची नानकटाई

माघातली सकाळ. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचं धुकं हळूहळू विरत होतं, आणि विरता विरता पाण्यावर केशर सांडत होतं. पलीकडच्या शिवारातल्या गुऱ्हाळांचा वास वाऱ्याबरोबर कऱ्हाडच्या गल्लीबोळांत शिरत होता. सुवर्णकांती, मधुगंधी, मंदगामी अशी ती सकाळ. आणि तिच्याकडे साफ पाठ फिरवून मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात दालचिनी कुटत होत्या.

कुटत कसल्या होत्या, राग काढत होत्या! खलात दालचिनी, खलात लवंग, खलात सुंठ. आणि प्रत्येक घावासरशी मनात एकच धावा. बोला हो. काहीतरी बोला.

बाहेर व्हरांड्यात, उन्हाच्या कवडशात, त्यांचे यजमान हणमंतराव बसले होते. बसले होते आणि बोलत नव्हते.

हाच तो माणूस, ज्याची उभी हयात एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. पाटण, चिपळूण, विटा, सगळ्या गाड्या त्या मेघगंभीर आवाजावर सुटायच्या. कर्णा बंद पडला तरी कुणाचं काही अडायचं नाही. घरी आला की तोच आवाज ताटावर उतरायचा. आमटी पातळ आहे. भात गिच्च झालाय. भाजीत मीठ आहे की मिठात भाजी? नावं ठेवल्याशिवाय घास म्हणून गिळायचे नाहीत. मंदाकिनीबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. "एक दिवस तरी मुकाट्याने जेवा हो!"

देवाने ऐकलं, आणि भलत्याच वेळी ऐकलं. दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच हणमंतरावांच्या छातीत कळ उठली. पुण्याला नेलं, शस्त्रक्रिया झाली, टाके पडले. तूप बंद, लोणी बंद, तळण बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. हणमंतराव घरी आले ते मुके होऊनच.

अळणी वरण पुढे आलं, खाल्लं. उकडलेला दुधी पुढे आला, तोही खाल्ला. "कसं झालंय?" विचारलं की एकच उत्तर, "ठीक."

ठीक! त्या एका शब्दाने मंदाकिनीबाईंच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं. डॉक्टर म्हणत होते, हृदय सुधारतंय. हृदय सुधारत असेल हो, पण माणूस कुठे होता? घासाघासाला भिणारी ही शांत, शहाणी, परकी सावली त्यांना नको होती. त्यांना त्यांचा खवचट नवरा परत हवा होता. एकदाच, फक्त एकदा, त्याने ताटाकडे बघून नाक मुरडावं.

म्हणून आज नानकटाई. हणमंतरावांचा जीव की प्राण! दर दिवाळीला मंदाकिनीबाई तूप फेटायच्या, गोळे वळायच्या आणि पत्र्याचा ट्रे घेऊन कोपऱ्यावरच्या भट्टीवर जायच्या. तिथे अख्ख्या आळीचे ट्रे एकाच भट्टीत. अदलाबदल नको म्हणून घराघराची खूण वेगळी. कुणाची चारोळी, कुणाचा बदाम. यांच्या घराची खूण म्हणजे हणमंतरावांचा अंगठा. ऐटीत बाह्या सारून ते प्रत्येक गोळ्यावर तो दाबायचे.

यंदा तूप नव्हतं. लेक शर्वरीने पाठवलेला छोटा ओव्हन होता, आणि तिनेच फोनवर सांगितलेली कृती. कणीक, ओट्स, दही, किसलेला गूळ, चमचाभर तेल आणि मसाला. "आणि आई, गोळे नीट थापून..." ती सांगत होती, तोच मंदाकिनीबाईंनी तिला तोडलं. "शिकव आता मला नानकटाई!"

ताम्रवर्णी, सुगंधी गोळे ट्रेवर ओळीने बसले. अंगठ्याची खूण? घरच्या ओव्हनमध्ये अदलाबदल कुणाशी होणार? शिवाय बाहेरच्या त्या मौनाला हाक मारायचा धीर त्यांना झाला नाही. गोळे तसेच आत गेले.

मग वास उठला. आधी गूळ, मग दालचिनी, मग लवंगेची तिखट, ऊबदार लाट. भिंतींना वास, पडद्यांना वास, साऱ्या घराला कधीची विसरलेली दिवाळी आठवली. मंदाकिनीबाईंनी आशेने ओव्हन उघडला.

गोळे होते तसेच होते. टणक, गोल, जागच्या जागी. तूप वितळतं म्हणून नानकटाई पसरते, फुलते, तिला भेगा पडतात. इथे तूपच नाही, तर पसरणार कशाने? आयुष्यभराच्या हाताच्या सवयीने त्यांना फसवलं होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या ट्रे झाकायला फडकं शोधू लागल्या.

तेवढ्यात दारात हणमंतराव उभे होते. वासानेच उठवलं असणार. त्यांनी एक गोळा उचलला. फुंकला. चावला.

टक्.

घर थबकलं. बाहेरचा वारासुद्धा थबकला असेल.

"अगं, ही नानकटाई आहे की गोट्या?" हणमंतराव कडाडले. "आधीच छाती शिवून आणलीय, आता जबडाही शिवायचा का?"

मंदाकिनीबाई हसत होत्या, रडत होत्या, पदराने तोंड दाबत होत्या. "अजून बोला," त्या कशाबशा म्हणाल्या.

"बोलतो की! सुंठ जास्त झालीय. वेलची कुठाय? आणि थापल्या का नाहीत? मला हाक मारायला काय झालं होतं?"

मंदाकिनीबाईंच्या छातीवरचा एवढ्या दिवसांचा धोंडा उतरला होता, आणि उतरल्यावरच कळत होतं की तो किती जड होता.

"पहिली गाडी ब्रेकडाऊन," हणमंतराव बाह्या सारत म्हणाले. "दुसरी लाव."

दुसरी लागली. राहिलेल्या पिठाचे गोळे, आणि प्रत्येकावर अंगठा. आधी जरा हलका, मग ठाम, मग चक्क ऐटीत. या खेपेला नानकटाया चपट्या झाल्या, आतपर्यंत भाजल्या, कडेने खुसखुशीत निघाल्या. हणमंतरावांनी एक खाल्ली, डोळे मिटून खाल्ली, आणि निकाल दिला. "बरी आहे. पण तुपाची सर नाही."

"नाहीच येणार," मंदाकिनीबाई म्हणाल्या. आयुष्यात प्रथमच त्या इतक्या आनंदाने हरल्या होत्या.

दुपार झाली. खिडकीत ताटली निवत होती. व्हरांड्यातून तोच मेघगंभीर आवाज फोनवर लेकीला तिच्या आईच्या गोट्यांची कहाणी तिखटमीठ लावून सांगत होता, आणि अर्धी गल्ली ती ऐकत होती. मंदाकिनीबाईंनी एका नानकटाईवरच्या खळगीत हलकेच आपला अंगठा ठेवून पाहिला. खळगी मोठी होती, अंगठा लहान होता. आणि ती अजून गरम होती.