उघड्यावरची शेगडी

त्याने तिसऱ्या ग्रिलचे झाकण उचलले, आत वाकून पाहिले आणि आत कुणी झोपले असावे इतक्या हळू ते पुन्हा खाली टेकवले.

"हे जड आहे," तो म्हणाला.

"मघाचं हलकं होतं, तर म्हणालास वाऱ्याने उलटेल," बायको म्हणाली. "त्याच्या आधीचं बुटकं होतं. ग्रिल घ्यायला आलायस की मुलगी बघायला?"

दुकानदार तोंडावर हात ठेवून हसला. सासूबाई विक्रीला मांडलेल्या घडीच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन, आपल्याच घरच्या ओसरीवर बसावे तशा बसल्या होत्या.

"बघू दे गं त्यांना," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी एवढं निरखून बघितलं असतं तर..."

"तर काय, आई?"

"तर काही नाही. खुर्ची छान आहे, एवढंच म्हणत होते."

तो हसला. हसणे त्याला जमले आणि त्याचे त्यालाच नवल वाटले. छताला टांगलेले तंबू पंख्याच्या वाऱ्याने सावकाश हलत होते. खाली पाण्याचे डबे, कंदील, दोरांची वेटोळी. घर सोडून दूर जाणाऱ्यांना लागेल ते सगळे तिथे होते, आणि त्याला मात्र घरी परत जावेसे वाटत होते.

पुढच्या आठवड्यात तिघांना निघायचे होते. भाड्याची मोटरहोम, चाकांवरचे घरच ते, ठरली होती. सासूबाई तिला 'डबा' म्हणत. आत चूल पेटवायची नाही अशी मालकाची अट होती, आणि बायकोला ती मनापासून आवडली होती. बाहेर, आभाळाखाली शिजवू, ती म्हणाली होती. कणसे भाजू, वांगी भाजू, मासळी मिळाली तर मासळी. ज्या बाईने कधी गॅससमोर मोकळा श्वास घेतला नव्हता, तिनेच आपण होऊन ज्वाळेचे नाव काढले होते, आणि ते काढताना तिचा आवाज किंचित कापला होता. त्या कापण्यापुढे नाही म्हणणे त्याच्या जिवावर आले.

मग तो गाडी पाहायला गेला. गॅसची टाकी ठेवायचा कप्पा गाडीच्या पोटात होता. त्याला बाहेरून दार, आतून पत्रा. पत्र्याच्या वर सासूबाईंचा बिछाना, आणि हात लांब केला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर त्या दोघांचा. खिडक्या लहान होत्या. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही.

गेल्या हिवाळ्यातल्या तापाने त्याची वास घेण्याची शक्ती नेली होती. ताप उतरला, चव थोडीफार परतली, पण वास आला नाही. येईल किंवा येणार नाही, डॉक्टर म्हणाले होते. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच सुरात सांगितल्या. तो चष्म्याच्या दुकानात काम करी. दिवसभर लोकांच्या चेहऱ्यांच्या अगदी जवळ जाऊन नाकावर, कानांवर फ्रेम बसवी. कुणाचा साबण, कुणाचा घाम, कुणाच्या श्वासातली वेलची, असे सगळे एकदम पुसले गेले आणि उरले ते काचेपलीकडून दिसावेत तसे चेहरे. एकदा दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्यांच्या नव्या चामडी डब्या नाकाला लावून तो बराच वेळ उभा राहिला होता. तरी ते दुःख सोसण्यासारखे होते. भीतीचे तसे नव्हते.

कारण त्याच्या घरात वास घेणे हे काम होते, आणि ते त्याचे होते.

बायको शाळकरी असताना त्यांच्या स्वयंपाकघरात रात्रभर गॅस साठला होता. सकाळी तिच्या आईने काडी ओढली. मुलगी दारात उभी होती. कानामागून खांद्यापर्यंत उतरणारा तो व्रण ती आजही बंद गळ्याच्या कपड्यांखाली ठेवी. "आईला त्या दिवशी सर्दी होती," असे तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी, त्याच्याकडे पाठ करून सांगितले होते. ते वाक्य घरात पुन्हा कधी उच्चारले गेले नाही.

तिचा स्वतःच्या नाकावर भरवसा नव्हता. नसलेल्या गॅसचाही आपल्याला वास येतो, असे ती म्हणे. म्हणून रोज निजण्यापूर्वी तो स्वयंपाकघरात जाई, मधोमध उभा राहून वास घेई आणि म्हणे, "सगळं ठीक." मग ती दिवा मालवी. इतर घरांत देवापुढे दिवा लागतो, आमच्याकडे जावई हुंगतात, असे सासूबाई शेजारणींना सांगत.

हिवाळ्यापासून तो बटणे बोटांनी चाचपत होता आणि "सगळं ठीक" म्हणत होता. ती निर्धास्त झोपे. तो अंधारात डोळे उघडे ठेवून तिचा श्वास ऐकत पडे, पुन्हा उठे, पुन्हा बटणे चाचपे. सांगावे असे पहिल्या आठवड्यात वाटले होते. मग वाटले, सांगितले तर हिची झोप जन्माची जाईल. मग इतके दिवस का नाही सांगितलेस, याचे उत्तर शोधण्यात दिवस गेले.

"विजेवरचं नाही का काही?" त्याने दुकानदाराला विचारले.

"आहे की. पण रानात प्लग कुठे शोधणार? झाडाला?"

"कोळशावरचं?"

"उन्हाळ्यात कुठे पेटवू देत नाहीत साहेब. ठिणगी उडते." दुकानदाराने मधल्या आकाराचे एक ग्रिल ओढून पुढे आणले. पाय घडी होणारे, दोन बर्नर, झाकण उघडले की तेच वारा अडवणारे. "हे घ्या. तिघांना पुरतं. धुवायला सोपं. माझी बायको हेच वापरते, आणि ती माझी कुठलीच वस्तू चांगली म्हणत नाही."

"मग हेच," बायको म्हणाली.

"थांब. थोडं बघू," तो म्हणाला.

दुकानदाराने कोपऱ्यातली लाल टाकी आणली, तिच्या तोंडावर रेग्युलेटर बसवला, नळी जोडली. टाकीची चावी त्याने झटक्यात फिरवली. "आता हे नीट बघून घ्या. जोडलं की लगेच पेटवायचं नाही. असं खाली वाकायचं आणि वास घ्यायचा. रोज, न चुकता. आळस नको. या, बघा येतोय का."

"याला बघू दे," बायको म्हणाली आणि तिने त्याच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. "आमच्या घराचं नाक आहे हा."

तो गुडघ्यांवर बसला. टाकीचा पत्रा गार होता. त्याने श्वास आत ओढला. हवा नुसतीच आली, पाण्यासारखी, कशाचीच नाही. सूं आवाज येतोय का हे ऐकायला कान दिला तर पंख्याची घरघर तेवढी होती. चावी उघडली आहे, एवढेच त्याला दिसत होते. दुकानात किती माणसे आहेत, दार किती लांब आहे, दार उघडे आहे की बंद. हे सगळे मनात एकाच वेळी आले, आणि तो नकळत मागे सरकला.

मग त्याने तेच केले जे तो कित्येक महिने करत होता. डोळे वर उचलून त्याने चेहरे वाचले.

दुकानदाराचा चेहरा उत्तराची वाट पाहणाऱ्या मास्तरासारखा कोरा होता. बायको त्याच्याकडेच पाहत होती. पण सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. एक पाऊल मागे गेल्या होत्या. त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या आणि रुमाल नाकाशी होता.

"येतोय," तो घाईने म्हणाला. "थोडा येतोय. बंद करा ते."

"थोडा कसला, चांगलाच येतोय," सासूबाई रुमालाआडून म्हणाल्या. "डोकं धरलं माझं."

बायको वाकली. डोळे मिटून तिने श्वास घेतला, एकदा, मग पुन्हा.

"मला नाही येत," ती म्हणाली आणि लगेच वरमली. "माझ्या नाकाचं काही खरं नाही म्हणा."

दुकानदार खदखदून हसला. त्याने लाल टाकी एका हाताने, रिकामी बादली उचलावी तशी उचलली आणि हलवून दाखवली.

"अहो, हिच्यात काय येणार? कोरी टाकी आहे, अजून एकदाही भरलेली नाही. आत वारा आहे नुसता. भरलेली दुकानात ठेवतच नाही आम्ही." मग गिऱ्हाइकांना लाजवल्यासारखे वाटून त्याने सूर खाली आणला. "होतं असं. निम्म्या लोकांना येतो वास. मनाचे खेळ असतात."

वाट मिळाली होती. एवढीशी, पण तिघेही निसटून जाऊ शकले असते. सासूबाई हसल्या, जरा लवकरच. तो हसला, जरा उशिरा. बायकोही हसली, आणि मग तिचे हसू ओठांवर तसेच राहिले आणि डोळे त्यातून निघून गेले. त्याच्याकडून आईकडे, आईकडून त्याच्याकडे.

ती शेल्फाकडे गेली. डास पळवणाऱ्या मेणबत्तीची एक गोल डबी तिने उचलली, झाकण काढले आणि बाजूचे नाव तळव्याखाली झाकून ती डबी त्याच्यासमोर धरली.

"हा कसला वास आहे?"

मेण पिवळे होते. पिवळे म्हणजे लिंबू; अशा मेणबत्त्या बहुधा लिंबाच्याच असतात. शब्द जिभेवर आला होता. त्याने तिच्या हाताकडे पाहिले. डबी धरलेली बोटे पांढरी पडली होती. रोज रात्री याच हाताने ती दिवा मालवत होती.

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून. तो ताप आला होता ना, तेव्हापासून."

तिने डबी हलवली नाही.

"रोज रात्री," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"बटणं बघायचो. हाताने. दोन-दोनदा बघायचो."

"आणि मी झोपायचे."

माणसांचे चेहरे वाचून पोट भरणारा तो, त्याला या एका चेहऱ्याकडे पाहवेना. त्याने तिचे बूट पाहिले. ते वळले. ती आता आईसमोर उभी होती, डबी तशीच पुढे धरून.

सासूबाईंनी डबीकडे पाहिले. मग जावयाकडे पाहिले. ती नजर त्याच्या ओळखीची होती; दाढी करताना आरशात ती त्याला रोज भेटत असे. आपण मघाशी मागे सरकलो, ते पाहून यांनी रुमाल लावला, आणि तो रुमाल पाहून आपण बोललो, हे त्याला आता कळले.

"माझं काय बाई," सासूबाई म्हणाल्या. "माझं आता वय झालं."

"आता?" बायको म्हणाली.

पंखा घरघरत होता. दुकानदाराला पलीकडच्या खोक्यांमध्ये काहीतरी काम आठवले. सासूबाई हातातल्या रुमालाची घडी घालू लागल्या. अर्धी, मग त्याची अर्धी, मग आणखी, घडी पडेनाशी होईपर्यंत. सर्दी चार दिवसांत जाते. हे वास न येणे जात नाही, आणि लपवायला लागले की किती वर्षे लपवता येते, याचा हिशेब तो उभ्या उभ्या करत होता आणि तो हिशेब त्या जुन्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन थांबत होता.

बायकोचा मोकळा हात गळ्याकडे निघाला. अर्ध्यात थांबला. मग त्याच हाताने तिने डबीचे झाकण शोधले, ते नीट दाबून बसवले आणि डबी जागच्या जागी ठेवून दिली.

"भाऊ," तिने हाक मारली. "भरलेली टाकी कुठे असते तुमची?"

"मागच्या अंगणात. उघड्यावर."

"मला तिथे पेटवून बघायचंय. दाखवू नका, सांगा फक्त. मी करते."

अंगणात ऊन उतरणीला लागले होते. भिंतीशी रिकाम्या खोक्यांची चळत होती आणि तिच्यावर एक मांजर बसले होते. टाकी आणलेली पाहताच ते उठून गेले. दुकानदार एकेक पायरी सांगत होता. बायको फरशीवर बसली होती. तिने रेग्युलेटर बसवला, नळी ओढून पाहिली, चावी उघडली. मग ती वाकली आणि तिने वास घेतला. किती वेळ घेतला! तिला असा वास घेताना त्याने कधी पाहिले नव्हते. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, जणू जिच्याशी कित्येक वर्षे बोलणे नव्हते अशा कुणाचे तरी ती ऐकून घेत होती. तिच्या पाठीचा मणका न् मणका कपड्याखाली ताठ दिसत होता. तिला भीती वाटत होती, आणि तिच्या जागी जाऊन बसायचा त्याचा हक्क गेला होता.

"तुम्ही दोघं मागे व्हा," ती मागे न पाहता म्हणाली.

ते दोघे एकदमच मागे झाले, भिंतीला टेकेपर्यंत. थोड्या वेळाने त्याच्या बाहीला काहीतरी लागले. सासूबाईंची बोटे होती.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. नेहमीची खोच आवाजात नव्हती. "काय म्हणाली ती?"

"मागे व्हा म्हणाली."

"दोघं म्हणाली?"

"हो. दोघं."

त्यांनी मान हलवली. बाही सोडली नाही. समोर खट् आवाज झाला, पण पेटले नाही. बायकोने चावी बंद केली, वाऱ्याने टाकीभोवतीची हवा मोकळी होऊ दिली, आणि पुन्हा वाकून वास घेऊ लागली. ती काय सांगते ते ऐकायला दोघेही श्वास धरून उभे राहिले.