उटकटाऱ्याची जागा

मंगळूनं काटेरी झुडपांचा भारा ओट्यावर आदळला आणि कपाळाचा घाम पुसला. त्याच्या बायकोनं, गौरानं, बसल्या जागेवरून एक पान उलटून पाहिलं आणि भारा पायानंच मागं सारला.

"ह्यो कोळशिंदा हाय. मी उटकटारा आन म्हनली होती ना?"

"काटं हायत, निळं फूल हाय. आनखी काय पायजे तुला?"

"आनला कठून?"

"खाचराच्या बांधावरून. ओल होती, सुखानं उपटून आला."

"ओलीत उगवला म्हंजी तो उटकटारा नव्हंच! त्याचं पान खालून पांढरं असतंय, कापसावानी. फूल चेंडूसारखं गोल. नि तो राहतो वर माळावर, मुरमात. जन्म गेला तुझा या गावात."

"जन्म गेला तो नांगरामागं. सुईन तू हाय, मी नाय." मंगळू तंबाखू चोळायला बसला.

ते खरंच होतं. जामसरच्या आसपासच्या पाड्यांवरच्या कितीतरी पोरांची नाळ गौरानंच कापलेली. कळा सुरू झाल्या की बाईच्या केसांत उटकटाऱ्याचं मूळ बांधायचं आणि पोर बाहेर आलं की लगेच सोडायचं, ही तिच्या आईपासूनची रीत. आता घरात सून सकूचे दिवस भरले होते. लेक लक्ष्यानं जव्हारच्या दवाखान्यात न्यायला जीप सांगून ठेवली होती, गौराची त्याला ना नव्हती. पण गावभर मुळं बांधत फिरलेल्या बाईनं आपल्याच सुनेला रिकाम्या केसांनी पाठवायचं, हे तिला सोसवत नव्हतं.

गुडघे मात्र ऐकत नव्हते. माळ चढायला नको म्हणून गेल्या वर्षी तिनं एक रोप आणून परड्यात लावलं होतं. शेणखत घातलं, रोज तांब्याभर पाणी घातलं. सगळ्या गावाला त्याची जागा सांगणारी बाई, पण थकल्या माणसाची अक्कलही थकते. रोप लाडानंच कुजलं. मंगळू अजून त्यावरून तिला चिडवायचा.

"चल, मीच जाते," म्हणत गौरा काठी टेकत उठली. मंगळू कुरकुरत कुदळ घेऊन मागं निघाला.

पाड्याबाहेर मुरमाचा ढीग होता. रस्ता करायचा म्हणून ठेकेदारानं माळ खणून तो इथं ओतला, आणि गेला तो परत आलाच नाही. ढिगाच्या अल्याड जीप यायची नाही. कळा सोसत का होईना, सकूला तिथवर चालतच जावं लागणार होतं. गौरा येता-जाता त्या ढिगाला शिव्या घालायची. आज मात्र तिथवर येईतोच गुडघ्यांनी दगा दिला आणि ती त्याच ढिगाच्या कडेला मटकन बसली. टेकायला हात मागं टाकला आणि किंचाळलीच.

"काय झालं? इंचू हाय का?"

गौरा मागं वळली. तिनं एक पान जपून उलटलं. खालून पांढरंफेक. वर गोल बोंड वाऱ्यानं हलत होतं. पलीकडं आणखी दोन-चार उभे.

"हतं कसा आला?" मंगळू वाकून बघत राहिला.

"मुरूम कठचा? माळाचाच ना? त्याच्यासंगं बी आलं. कोनी पानी घातलं नाय, खत घातलं नाय, ढुंकून बगितलं नाय. म्हनून जगला."

एवढं बोलून तिला रडूच फुटलं. आता माळ चढायला नको, एवढ्याच सुटकेचं. मंगळूनं कुदळ चालवली. मूळ खोल गेलेलं, मुरूम कुदळीला दाद देईना. शेवटी बोटभर तुकडा निघाला, तो तिनं पदराच्या टोकाला बांधला.

"बाकीचं राहू दे," ती डोळे पुसत म्हणाली. "शेजारच्या चैतीची सूनबी पोटुशी हाय, आनखी कोनी असंल. पन रस्ता झाला की समदं जाईल रं."

मंगळूनं तिला उठवायला हात पुढं केला.

"रस्ता? मंग काळजी सोड. आजून जन्मायच्या नातवाच्या बायकोलाबी पुरंल ह्यो ढीग."