हिराच्या हाडातून निघालेली प्लेटलेट

मी एक प्लेटलेट. रक्त थांबवणारी इवलीशी पेशी. औंढ्याच्या हिराच्या कमरेच्या हाडात माझी आई राहायची.

आई केवढी मोठी! इतर पेशी वाढल्या की एकीच्या दोन होतात. ही मात्र दुभंगलीच नाही, आतल्या आत वाढत राहिली. मी तेव्हा तिच्याच अंगाचा एक कण होते.

हिरा मळवलीला एका बंगल्याची देखभाल करते. तिथल्या कुंड्यांखाली पाणी साचलं, डास झाले आणि तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स भराभर घटल्या. लोणावळ्याच्या दवाखान्यात तिचा नवरा सोपान भेदरून बसला होता. हिराला मात्र वेगळंच पडलं होतं.

"डॉक्टर, ह्या पेशी बनत्यात तरी कुटं?"

"हाडांच्या आत, मावशी. मगजात."

"आगं बया! मटणाच्या नळीत असतो तसल्या?"

डॉक्टरबाई हसल्या. "तसल्याच."

"बाहीरनं भराव्या लागत्याल का?" सोपानने विचारलं.

"आज तरी नको. त्यांचं शरीर नवीन तयार करतंय. वाट बघू."

इकडे आईने शेजारच्या रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून लांबलचक हात बाहेर काढले. त्या हातांवर मण्यांसारख्या आम्ही. रक्ताच्या ओढीने आमचा हात तुटला. तिला दुखलं का, ते विचारायचं राहूनच गेलं. वाहत फुप्फुसात गेलो, तिथल्या चिंचोळ्या वाटांत आणखी तुकडे झाले, तेव्हा कुठे मी सुटी झाले. सगळं अंग आम्हांला वाटून आई संपली. माझं स्वतःचं आयुष्यही जेमतेम आठवडाभराचं.

दुसऱ्या सकाळी हिरा शिंकली आणि नाकातून रक्ताची धार लागली.

"आवं सिस्टर, रगात!" सोपान ओरडला.

मी नेमकी तिथूनच चालले होते. भिंत फाटलेली दिसली. मी फाटलेल्या कडेला चिकटले, अंगाला काटे फुटले, बहिणींना हाका मारल्या. त्या आल्या, पण किती थोड्या! एकमेकींना घट्ट धरून राहिलो. बाहेरून सिस्टरने नाक दाबलं होतं. हळूहळू धार थांबली.

संध्याकाळच्या तपासणीत प्लेटलेट्स वाढलेल्या निघाल्या. सोपान त्या दिवशी पहिल्यांदा जेवला.

आता मी हिराच्या नाकात खपली होऊन बसले आहे. खाली नवी कातडी धरतेय. हिराला खाज सुटते, बोट वर जातं.

"आगं, हात नगं लावू!" सोपान म्हणतो.

"बगते की जरा, कोन बसलंय आत."

हिरा, मी बसलेय गं. थोडा धीर धर. जखम भरली की मी आपणहून गळून पडेन.