भलत्याच गालात सुई

दातांच्या डॉक्टरला एक सोय असते. समोरचा माणूस तोंड उघडून बसलेला असतो, पण त्याला बोलता येत नाही. या सोयीचा गैरफायदा मी कधी घेतला नव्हता. त्या सोमवारी मात्र पोटभर घेतला.

सकाळी मावशींनी नव्या पेशंटचा फॉर्म टेबलावर ठेवला. मावशी म्हणजे माझ्या दवाखान्यातल्या मदतनीस. वयाने माझ्या आईएवढ्या, अधिकाराने तिच्याहून जास्त. फॉर्मवरचं अक्षर पाहिलं आणि नाव वाचायची गरजच उरली नाही. अकरा वर्षांपूर्वी ज्याच्याशी मी लग्न करणार होते, तो उजवी दाढ दुखते म्हणून बाहेर बसला होता. फॉर्मच्या तळाशी मावशींनी लिहिलं होतं, 'लग्न झालेलं नाही.'

"आपल्या फॉर्मवर हे कधीपासून विचारतात?"

"आजपासून," मावशी म्हणाल्या. "पाटीवरचं तुमचं नाव वाचून दोनदा मागे फिरला तो. तिसऱ्यांदा आत आला, तेव्हा म्हटलं, विचारून टाकावं."

तो आत आला. पोट सुटलं होतं, केस मागे सरकले होते, हसू मात्र तेच.

"बरी आहेस?"

"तोंड उघडा," मी म्हणाले. मनात धुमसत होतं, म्हणून जाणूनबुजून 'अहो-जाहो'.

त्याचं असं झालं होतं. मला लांबच्या शहरात नोकरी मिळाली, तेव्हा मी त्याला विचारलं, जाऊ का? त्याने मला थांबवावं किंवा निदान मीही येतो म्हणावं, एवढीच माझी आशा. तो म्हणाला, "तुझी मर्जी." मी गेले. पुढची दोन वर्षं उशीत तोंड खुपसून रडले.

हे सगळं त्याला ऐकवायचंच होतं. सुई टोचली आणि सुरू झाले. तो डोळे विस्फारून 'अं, अं' करू लागला.

"गप्प बस. आज बोलायची पाळी माझी आहे."

पाच मिनिटं माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. मग एक्स-रे हातात धरून मावशी शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, दाढ उजवी आहे. तुम्ही डावा गाल बधिर केलाय."

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"बोलला का नाहीस?"

"गप्प बस म्हणालीस ना," तो अर्ध्या तोंडाने म्हणाला.

"म्हणून भलतीकडे सुई टोचून घेशील? तुझं तोंड फक्त खाण्यासाठीच आहे का रे?" मी ओरडले, आणि ओरडतानाच मला रडू आलं. मावशी एक्स-रे घेऊन बाहेर सटकल्या.

मी डोळे पुसले. "दोन्ही बाजू एकदम बधिर करत नाही मी. जीभ चावली जाते. दाढ उद्या बघू. ये उद्या."

"तुझी..." तो म्हणाला आणि थांबला. सुन्न ओठातून लाळ गळत होती, ती बाहीला पुसली.

"नाही. आज गेलो तर उद्या यायची हिंमत होईल की नाही, माझा मलाच भरवसा नाही. तेव्हा 'जाऊ नकोस' म्हणालो असतो, तर तू थांबली असतीस."

"थांबलेच असते."

"त्याचीच भीती वाटली. जन्मभर म्हणाली असतीस, तुझ्यामुळे राहिले."

म्हणाले असते. माझा स्वभाव मला माहीत आहे.

"मी थांबायचं की जायचं, ते माझं मी बघितलं असतं," मी म्हणाले. "तुला काय हवं होतं, ते तर सांगायचंस."

"तू हवी होतीस," तो म्हणाला. "अजूनही हवी आहेस. संध्याकाळी माझ्याबरोबर जेवशील?"

"गाल जागा होईपर्यंत खायचं नाही. आणि मी सहाशिवाय मोकळी होत नाही."

"मग सहापर्यंत बसतो."

मी त्याला दुखण्याची गोळी दिली आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी मी सुई उचलली की मावशी आधी मोठ्याने बाजू सांगायच्या. एकेक पेशंट झाला की मी दार उघडून बाहेर पाहत होते. दर वेळी तो तिथेच होता.