पाचवा घोडा

कचेरीच्या मागच्या जिन्याखाली ताईचं टेबल होतं. वरचं छत तिरकं, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला वाकूनच यावं लागायचं. मोठमोठे अकडू लोक तिच्यासमोर येताना मान खाली घालून येत, याची तिला मनातल्या मनात गंमत वाटायची. एक कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर आणि स्टँप पेपर ठेवायचा पत्र्याचा डबा, एवढाच तिचा संसार. पंचवीस वर्षं इथे बसून तिने लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. शाळा अर्धवट सुटलेली, पण टाइप करता करता कायदा बोटांतून आत झिरपला होता. नवे वकील एखादं कलम अडलं की हळूच तिलाच विचारून जायचे.

तिला सगळेच ताई म्हणत. वकील, शिपाई, अगदी वयाने मोठे पक्षकारसुद्धा. सख्खा भाऊ एकच, बाळ्या, आणि त्याला मात्र काम असलं तरच ती ताई असल्याचं आठवायचं.

त्या दिवशी दुपारी तो वाकून आत आला आणि गोड आवाजात म्हणाला, "ताई, जेवलीस का?"

काहीतरी मोठं काम आहे, हे ताईने तिथेच ओळखलं.

"एक साधं अ‍ॅफिडेव्हिट हवंय," तो खुर्ची ओढत म्हणाला. "बाहेरच्या माणसाकडून नको, लोकांच्या जिभेला हाड नसतं. आपल्या घरातली एक जुनी वस्तू विकतोय. घेणारा फार सोवळा आहे, म्हणतो कागद दाखवा." आणि त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

फोटोत एक पितळी रंगाचा घोडा होता. वीतभर उंच, पुढचा एक पाय उचललेला, कान टवकारलेले. काशाचा असावा. अंगावर हिरवट थर आणि पोटावर एक आडवा, खोल ओरखडा.

ताईने डबा उघडला, स्टँप पेपर काढला आणि तो सरळ करण्यात जरा जास्तच वेळ घालवला. चेहरा भावाला दिसायला नको होता.

हा ओरखडा तिने कधी पाहिला नव्हता, पण तो तिला तोंडपाठ होता. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा खोदाईच्या मशीनवर होता आणि बाळ्या त्याच कामावर ठेकेदार. इमारतीचा पाया खणताना मशीनच्या बकेटमधून मातीबरोबर पाच घोडे वर आले. एकाच्या पोटाला बकेटचा दात लागला. नवऱ्याने मशीन थांबवलं, खाली उतरून पाचही घोडे सदऱ्याने पुसले. बाळ्या म्हणाला, "भावोजी, तुमच्या शेडमध्ये ठेवा, मी वर कळवतो. हा एक नमुना म्हणून दाखवायला नेतो." आणि ओरखड्याचा घोडा पिशवीत घालून गेला.

त्याने कुणालाच कळवलं नाही. जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारची. ठरावीक दिवसांत कळवायची. लपवली तर एक गुन्हा, विकली तर दुसरा. दिवस उलटून गेले. मग कुठल्याशा मजुराने चहाच्या टपरीवर बढाई मारली आणि पुरातत्त्व खात्याची माणसं शेडवर आली. चार घोडे सापडले. पाच होते हे नवऱ्यानेच सांगितलं. माणूस खरं बोलला आणि त्यातच अडकला. पाचवा कुठंय? बाळ्याने न्यायाधीशासमोर हात जोडून सांगितलं, "साहेब, मी असले घोडे उभ्या जन्मात पाहिले नाहीत." चार लपवल्याचं एक वर्ष, आणि पाचवा विकल्याचं दीड वर्ष वेगळं.

अडीच वर्षांनी नवरा घरी आला तो पन्नाशीचा होऊनच. मशीनवर कुणी घेईना. दगडांचे डोंगर उचलणारा तो माणूस आता एका रोपवाटिकेत काळ्या पिशव्यांमध्ये खुरप्याने माती भरायचा. "पाच होते, पाचवा बाळ्याने नेला," एवढं तो पहिल्या वर्षी सांगत असे. मग तेही बंद झालं. ताईचा नवऱ्यावर पूर्ण विश्वास होता. पण तेव्हा आई जिवंत होती. तिच्या डोळ्यांदेखत मुलामुलीत वैर नको म्हणून ताईने तोंड शिवून घेतलं. बाळ्याने त्याचा अर्थ असा लावला की ताई आपल्याच बाजूची आहे.

"सांग, काय लिहू?" ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिलाच कौतुक वाटलं.

"लिही, हा घोडा आमचे वडील यांच्या मालकीचा. वडिलोपार्जित."

"वडिलांना कुणी दिला?"

"आजोबांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी. जितका जुना तितका बरा."

"पणजोबांपर्यंत नेऊ, की अजून मागे? नाहीतर पणजोबा याच्यावर बसूनच आले असं लिहिते."

"थट्टा नको गं ताई. लिही की, लहानपणापासून घरात पाहत आलोय."

"कुठे ठेवलेला असायचा?"

"कपाटावर. आई रोज पुसायची म्हण." बाळ्याला आता रंग चढला होता. "आणि वडील जाताना माझ्या हातात देऊन गेले."

"तोंडीच दिला? मृत्युपत्र वगैरे?"

"तोंडी. कागद कशाला करतील, घरातलीच वस्तू."

आई रोज पुसायची हे टाइप करताना ताईची बोटं एकदा अडली. आईच्या त्या कपाटावर औषधाच्या बाटल्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ, याखेरीज जन्मात काही नव्हतं.

"शपथेवर आहे हं, बाळ्या. एकदा वाचून बघ."

"तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार," असं म्हणून त्याने न वाचताच सही ठोकली. वर नोटरीसाहेब पेंगत बसले होते. त्यांनी बाळ्याचा फोटो चिकटवून घेतला, घोड्याचा फोटो मागे जोडला, वहीत नोंद केली, शिक्का मारला. बाळ्या जिना उतरताना शीळ घालत होता.

अशा कागदात ताई नेहमी न चुकता एक प्रश्न विचारायची. तो तिने आज विचारला नव्हता. वडिलांना वारस किती?

तिने त्याच दिवशी खात्याला कळवलं असतं तर काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं. घोडा संध्याकाळच्या आत गायब, बाळ्याचे पुन्हा हात जोडलेले, आणि बायको नवऱ्याची बाजू घेते म्हणून लोक हसायला मोकळे. म्हणून तो कागद घोडा घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत तिने पाच दिवस धीर धरला. नोटरीकडून रीतसर नक्कल काढली आणि ती घेऊन वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई तिच्याहून लहान, तोंडाने फटकळ. त्यांनी आधी कागद वाचला, मग ताईने घरून लिहून आणलेला दावा वाचला, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ताई, हे तुम्ही लिहिलंत?"

"चुकलंय का काही?"

"चुकलंय? अहो, बाहेर पडायला एक फट नाही ठेवलीत त्याला."

दावा साधा होता. माझा भाऊ शपथेवर सांगतो की ही वस्तू आमच्या वडिलांची. ते खरं असेल, तर आता आईही नाही, वडिलांना आम्ही दोनच मुलं, अर्धा वाटा माझा, आणि माझ्या संमतीवाचून विक्री करता येणार नाही. ते खरं नसेल, तर वस्तू कुठून आली हे त्याने कोर्टाला सांगावं. ताईने घोडा वडिलांचा असल्याचं कुठेही म्हटलं नव्हतं. खोटी शपथ घ्यायची ती भावानेच घ्यावी, आपण कशाला?

"आणि शेवटचा कागद," ताईने पिशवीतून आणखी एक घडी काढली. "वडील गेल्यावर घराची वाटणी झाली तेव्हाचा. यात त्यानेच सही केलीय की भांडीकुंडी सोडून वडिलांच्या मागे कुठलीही किमती वस्तू राहिलेली नाही."

वकीलबाई बराच वेळ हसत होत्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "नोटीस घोडा घेणाऱ्यालाही पाठवू, त्याचं नाव कागदात आहेच. तो पहिला पळेल. चोरीचा माल घेतला म्हणून कोण अडकून घेतो? भाऊ स्वतः खात्यात गेला तर थोडक्यात सुटेल, खात्याने धरला तर मात्र जड जाईल. त्याला हे सांगायचं का?"

"मी सांगेन," ताई म्हणाली. "सख्खी बहीण आहे मी."

नोटीस पोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाळ्या दारात उभा. नवरा कामावर जायच्या तयारीत, पायात चप्पल घालत होता. बाळ्या त्याच्याकडे न बघताच आत घुसला.

"ताई, तू माझ्यावर केस केलीस? माझ्यावर?"

"तुझ्यावर कसली? वडिलांच्या घोड्यावर केली. बस, चहा टाकते."

"चहा गेला खड्ड्यात! ते गिऱ्हाईक फोन उचलत नाही. त्याच्या वकिलाने सांगितलं, वस्तूचा उगम सिद्ध करा नाहीतर आम्हीच खात्याला कळवतो. ज्याने गिऱ्हाईक आणलं तो दलाल गावभर बोंबलत सुटलाय."

"मग कर की सिद्ध. आई रोज पुसायची ना?"

बाळ्याने कपाळाला हात लावला. मग एकदम आवाज खाली आणला, अगदी लहानपणी बिस्किट चोरल्यावर आणायचा तसा. "हे बघ, अर्धे तुझे. आज देतो. तू दावा मागे घे, मी घोडा पोचवतो, प्रकरण मिटलं. भावोजींनाही बरं होईल, त्या पिशव्या भरणं सुटेल."

"अर्धे घेऊ आणि तुझ्या शेजारच्या कोठडीत बसू? चोरीचा वाटा खाणाराही चोरच असतो, बाळ्या. हे मी महिन्यातून चारदा टाइप करते."

"चोरी कसली? तुला काय माहीत कुठून आला ते?"

"पोटावर बकेटचा दात लागलाय," दारातून आवाज आला.

नवऱ्याने चप्पल काढली होती. तो आत येऊन खाली बसला. गेल्या कित्येक वर्षांत बाळ्यासमोर त्याने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. ताईला वाटलं, आता हा नेहमीसारखा म्हणेल, जाऊ दे, सोड. तिची त्याच्याशी भांडायची तयारी होती.

"दावा मागे घेऊ नकोस," नवरा म्हणाला. "त्याला लिहून द्यायला सांग. पाच होते. पाचवा त्याच दिवशी त्याने नेला. तारीख घाल. वेळ पण घाल, जेवणाच्या सुट्टीआधी अर्धा तास. पिशवी निळी होती."

"भावोजी, मला आत टाकतील हो!" बाळ्याचा आवाज चिरकला. "माझी पोरं शाळेत जातात."

"आत भिंतीला ओल असते," नवरा शांतपणे म्हणाला. "जाड पांघरूण घेऊन जा. मला कुणी सांगितलं नव्हतं."

बाळ्या ताईकडे वळला. "मी तुझा भाऊ आहे गं. धमकी देतेस मला?"

"धमकी नाही, तारीख सांगतेय. पंधरा दिवसांनी तू कोर्टात उभा राहशील. घोडा वडिलांचा म्हणालास तर वाटणीच्या वेळी लपवलास. जमिनीतला म्हणालास तर सरकारपासून लपवलास. त्याआधी स्वतःहून खात्यात गेलास तर शिक्षा कमी होते, हे तुला बहीण म्हणून सांगते. वकील याचे पैसे घेतो." ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं. "आपल्याला असं कुणी सांगायला नव्हतं म्हणून यांची अडीच वर्षं गेली. त्यातली दीड तुझी होती."

चहा झाला, कपात ओतून झाला, निवला. बाळ्याने तो घेतला नाही. शेवटी त्याने विचारलं, "कुठलं ऑफिस?"

खात्याचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांवर चिठ्ठ्या लावलेले खोके. चार घोडे त्यातल्याच एका खोक्यात होते. अधिकारी बाईंनी पाचवा घोडा दोन्ही हातांनी उचलून कापडावर ठेवला आणि विचारलं, किती खोलीवर सापडला, कुठल्या बाजूला तोंड होतं, मातीचा रंग कसा होता. बाळ्याला यातलं काहीच सांगता येईना. त्याने त्या घोड्याकडे कधी किंमत सोडून काही म्हणून बघितलंच नव्हतं. नवरा मात्र हाताने हवेत खड्डा काढून दाखवत सगळं सांगत गेला. कुठे पिवळी माती लागली, कुठे मशीनचा आवाज बदलला. अधिकारी बाईंनी दोन पानं भरून लिहून घेतलं आणि त्याला तीनदा "बरोबर, बरोबर" म्हणाल्या. मग बाळ्याचा जबाब झाला. निळ्या पिशवीसकट. सही करताना तो ताईकडे बघत होता आणि ताई त्याच्याकडे बघत होती. तिने नजर हलवली नाही. बरं वाटत होतं तिला. अगदी मनापासून, लाज न वाटता बरं वाटत होतं. पोलिसांना फोन गेला, तेव्हा बाळ्या बाकावर बसून बुटाची नाडी सोडत आणि बांधत होता. एवढ्या वेळात फक्त त्या नाडीपाशी तिने नजर वळवली. लहानपणी त्याची नाडी तीच बांधायची.

बाहेर आल्यावर नवऱ्याने जबाबाची नक्कल मागितली. ती त्याने रस्त्यात उभ्या उभ्या दोनदा वाचली.

"याच्या झेरॉक्स काढू," तो म्हणाला.

"किती? घरी एक, वकीलबाईंना एक..."

"चाळीस."

"चाळीस? भिंतींना चिकटवायच्या आहेत का?"

तो बोटांवर मोजत नावं घेऊ लागला. मशीनचा मालक, ज्याने हिशेब करून दारातूनच परत पाठवलं तो. तो तुरुंगात असताना पाहुण्यांना हा गावाला गेलाय म्हणून सांगणारी त्याची थोरली वहिनी. ज्याची शेड भाड्याने घेतली होती तो. बाळ्याची सासू, न विसरता. इतकी वर्षं हा माणूस गप्प बसून कसली यादी करत होता, ते ताईला आता कळलं. तिने मुकाट्याने झेरॉक्सवाल्यापुढे कागद ठेवला.

कागदांचा गठ्ठा काखेत मारून तो पहिला शिरला तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानात. हा न्हावी तो सुटून आल्यापासून त्याची दाढी करायच्या आधी गल्ल्याचा डबा उचलून मागच्या फळीवर ठेवायचा. रोज नव्हे, फक्त तो आला की. आजही त्याचा हात डब्याकडे गेला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. नवरा रिकाम्या खुर्चीत बसला, गळ्याभोवती स्वतःच कापड गुंडाळलं आणि एक कागद न्हाव्यापुढे धरला.

"दाढी नंतर," तो म्हणाला. "आधी हे वाच. मोठ्याने वाच."

न्हाव्याने हात पुसले. ताई दारात उभी राहिली, कारण तिला एकही शब्द चुकवायचा नव्हता.